बरोबरकाका आणि ऐकणारा फोन

गल्लीतले लोक त्यांना बरोबरकाका म्हणत. सलून तीन खुर्च्यांचं. त्यातल्या दोन खुर्च्यांवर आता जुनी वर्तमानपत्रं आणि धुतलेले टॉवेल बसलेले असत. तिसरीच्या मागे काका उभे. गिऱ्हाईक काहीही बोलो, नळाच्या पाण्याबद्दल, साहेबाबद्दल, जावयाबद्दल, काका कात्री थांबवायचे, आरशात बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." एकमेकांचं तोंड न बघणारे दोन शेजारी एकामागून एक येऊन जात आणि दोघंही समाधानाने बाहेर पडत. असा समंजस माणूस पंचक्रोशीत नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

खरी गोष्ट अशी, की काकांना ऐकू येत नव्हतं.

आधी उजवा कान गेला, मग डावा हळूहळू त्याच्या मागे निघाला. घरात बायकोला आणि सुनेला ठाऊक होतं, दुकानात कुणालाच नाही. कानात घालायचं यंत्र आणून झालं होतं. पण ते मेलं सगळंच मोठं करायचं: पंखा, केस कापायचं मशीन, रस्त्यावरचे हॉर्न. त्या गोंगाटात माणसाचा आवाज होता तिथेच राहायचा. शेवटी ते यंत्र ड्रॉवरमध्ये ब्लेडच्या पाकिटांशेजारी जाऊन पडलं. मग उरला आरसा. काका गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून आरशात त्याचे ओठ वाचायचे. ओठांवर फेस असला की वाचायला काहीच नसायचं. अशा वेळी "बरोबर आहे" कामी यायचं.

दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, ते चालायचंच. पण संध्याकाळी जो शीण यायचा तो पायांचा नव्हता. समोरचा हसला की हसायचं, त्याचा चेहरा उतरला की आपला उतरवायचा, तो थांबला की प्रश्न होता की नुसतीच धाप लागली हे ताडायचं. घरी आल्यावर काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बायको दारात उभी राहून काहीतरी म्हणायची. दुसऱ्यांदा म्हणायची. तिसऱ्यांदा हात झटकून स्वयंपाकघरात जायची. अलीकडे तर ती पहिल्यांदाही म्हणेनाशी झाली होती.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण बँडमास्तर आले.

बँडमास्तर निवृत्त झाले होते, पण मिशी अजून नोकरीत होती. दोन्ही बाजूंनी वळलेली, जाड आणि वरच्या ओठावरून इतकी खाली आलेली की ओठ दिसायचेच नाहीत. ते खुर्चीत बसले आणि मिशीआडून काहीतरी म्हणाले. ते म्हणाले होते, "मिशी जरा कमी करा." काकांनी आरशात पाहिलं, मिशी हलताना दिसली, मास्तरांचं बोट मिशीकडे गेलेलं दिसलं, आणि कुठून तरी एक अक्षर कानावर आलं, 'क'. काढा, असं काकांना वाटलं. नवल वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर "काय? काय?" करावं लागतं. मास्तर मान मागे टाकून डोळे मिटून पडले होते.

डोळे उघडले तेव्हा उशीर झाला होता.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान थोडं ऐकू तरी आलं असतं. त्यांनी ओठावरून बोट फिरवलं, काहीतरी हळू बोलले, खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला आणि निघून गेले. काका वस्तरा हातात धरून उभे होते. त्या दिवशी त्यांनी दुकान दुपारीच बंद केलं.

सून वीजपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून ती घरी येई तेव्हा तिलाही कुणाचा आवाज नको असायचा. नवरा कामासाठी परगावी, त्यामुळे घरात ही तीन थकलेली माणसं. सासऱ्यांचा चेहरा पाहून तिने सासूबाईंना खुणेने विचारलं. सासूबाईंनी वरच्या ओठावरून हात फिरवून मिशी गेल्याची खूण केली. सुनेला हसू आवरेना. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

जेवणं झाल्यावर तिने काकांचा फोन मागून घेतला, त्यात काहीतरी खटपट केली आणि तो मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. वाकून म्हणाली, "बाबा, मी बोलते, तुम्ही वाचा."

पडद्यावर अक्षरं उमटली. बाबा मी बोलते तुम्ही वाचा.

काकांनी चष्मा नीट केला. पुन्हा वाचलं. सुनेकडे पाहिलं, मग फोनकडे, मग फोनच्या मागे.

"अहो, मागे कुणी नाही बसलेलं," बायको म्हणाली. तेही उमटलं. मग सासूबाईंना चेव आला. त्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे."

पडद्यावर आलं: माझी भीती कमी आहे.

"कशाची भीती?" काकांनी विचारलं. दोघी हसत सुटल्या, आणि कशाला हसतायत हे काकांनी विचारलं, आणि सुनेने सांगितलं, आणि तेही उमटलं. त्या घरात असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"हे असा ध चा मा करणार," सून म्हणाली. आता ती सावकाश, एकेक वाक्य तोडून बोलत होती. "याला माणसासारखं ऐकू येत नाही, बाबा. याने माणसांचं खूप बोलणं आधी ऐकलंय. त्यावरून हे अंदाज बांधतं, की या आवाजानंतर बहुतेक हा शब्द असणार. बऱ्याचदा बरोबर निघतो. चुकला तरी तेवढ्याच ठामपणे लिहितं."

काकांनी ते वाचून मान हलवली. "म्हणजे मी इतकी वर्षं जे केलं तेच."

"हो. पण तुम्ही विचारायचं. मिशी, लांबी, कलप, महत्त्वाचं असेल ते परत म्हणून दाखवायचं. 'मिशी काढायची, असं ना?' एवढंच."

एवढंच करायला फोन कशाला लागत होता, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"आणि गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. न सांगता कुणाचं बोलणं टिपायचं नाही."

म्हणजे दुकानात सांगावं लागणार. काकांचा जीव तिथेच अडकला. सुनेने फोनमधलं दुसरं एक साधन उघडलं, त्यात आपण सांगू तसं लिहून मिळायचं. काकांनी भीत भीत सांगितलं, की मला ऐकू येत नाही, दुकानात लावायला एक पाटी लिहून दे. त्याने लगेच लिहून दिलं. 'आदरणीय ग्राहकहो, आपल्या सेवेत अत्याधुनिक तंत्रज्ञान सादर करताना आम्हांस अपार हर्ष होत आहे.' पुढे आणखी तीन परिच्छेद.

"हे काय उद्घाटन आहे?" बायको म्हणाली.

"त्याला सांगा, लहान कर, साधं कर," सून म्हणाली. "पहिल्या झटक्यात मिळालं ते घ्यायचं नसतं. नव्या कामवालीला सांगतो तसं सांगायचं, नीट आणि पुन्हा." काकांनी सांगितलं. तिसऱ्या वेळी माणसासारखं आलं: 'मला कमी ऐकू येतं. हा फोन तुमचं बोलणं मला लिहून दाखवतो. नको असेल तर सांगा, बंद करतो. तुमचं बोलणं कुठेही साठवलं जात नाही.'

सून शेवटच्या वाक्यावर थबकली. "हे याला कुणी सांगितलं? आपण तर म्हटलं नव्हतं." तिने फोनमध्ये शोधलं. बोलणं जपून ठेवायची सोय चालूच निघाली. ती बंद केली. पण आवाज कुठल्या कंपनीकडे जातो की नाही, हे तिला काही छातीठोकपणे सांगता येईना. "आपल्याला माहीत नाही ते लिहायचं नाही," असं म्हणून तिने ते वाक्य काढून टाकलं. उरलेली तीन वाक्यं काकांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर उतरवली.

पाटी लागली. फोन आरशासमोर लोशनच्या बाटलीला टेकून उभा राहिला. पहिला दिवस वाईट गेला. लोक पाटी वाचायचे, काकांकडे पाहायचे आणि मोठमोठ्याने, तोंड वेंगाडून बोलायचे. एकाने विचारलं, "मग माझ्या बदलीचं मी सगळं सांगितलं होतं, ते?" काका म्हणाले, "नाही ऐकलं." तो बराच वेळ हिरमुसून बसला. बँडमास्तरांच्या घरी काका स्वतः गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. मास्तरांच्या ओठावर खुंट आले होते आणि आता ओठ स्वच्छ वाचता येत होते. ते म्हणाले, "आधी सांगायचं होतंत हो. मला वाटलं, मुद्दाम केलंत." चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

सगळ्यात जड गेला तो घड्याळवाला.

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचं त्याचं दुकान. दर आठवड्याला दाढीला यायचा आणि फेस लागला की बोलायला लागायचा, हळू, डोळे मिटून. काकांना कधी एक शब्द कळला नव्हता. या वेळी त्याने पाटीकडे पाहिलंच नाही, नेहमीच्या सवयीने बसला. काका सांगायला पुढे झाले, तोवर तो बोलू लागला होता, आणि फोन आपलं काम करत होता.

'धाकटा कालपण रस्त्यात दिसला. तोंड फिरवून गेला. त्याला दुकानातून वेगळं काढलं तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात बरोबर आहे. तेवढ्याचाच आधार आहे बघा मला.'

काकांचा हात थांबला. फोन चुकतो, हे माहीत होतं. भाजीतल्या मिठाची भीती होते. त्यांनी वाकून विचारलं, "धाकट्या भावाला वेगळं काढलं, आणि मी बरोबर म्हणालो, असं म्हणालात का?"

घड्याळवाल्याने डोळे उघडले. "हो. का?"

काकांनी बोटाने पाटी दाखवली. तो वाचत असताना गालावरचा फेस वाळू लागला.

"तेव्हापण ऐकू येत नव्हतं?"

"नव्हतं. तुमचं तर कधीच काही ऐकलं नाही मी. माफ करा."

घड्याळवाला आरशात बघत राहिला. मग म्हणाला, "मग मी बोलत होतो कुणाशी?" आणि थोड्या वेळाने, "तुमच्यावर काय ढकलू? तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी दुसऱ्या सलूनमध्ये गेलो असतो. मला हो म्हणणाराच हवा होता." काकांनी नवा फेस केला, दाढी पुरी केली. फोनचा पडदा कोरा राहिला.

त्यानंतर तो बरेच आठवडे आला नाही. आला तेव्हा स्वतःच फोन जवळ ओढून म्हणाला, की भावाकडे जाऊन आलो. भावाने पाणी दिलं, बस म्हणाला, त्यापलीकडे काही नाही. "परत जाऊ का?" त्याने विचारलं.

काकांच्या ओठांवर जुना शब्द आला होता. तो गिळून ते म्हणाले, "मला नाही सांगता येणार. तुम्हाला जावंसं वाटतं का?"

घड्याळवाला पैसे ठेवून निघाला. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, दाढीला.

यापुढे सगळं सोपं झालं असं नाही. ऐकू आलं म्हणून लोकांचं बोलणं काही सुधारत नाही. तेच पाणी, तोच साहेब, तोच जावई, आता फक्त लिहून यायचा. बाहेर हॉर्न वाजला की मध्येच भलतंसलतं उमटायचं. आरसा, मान, वस्तरा, पडदा असं दिवसभर फिरून काकांचे डोळे चुरचुरायला लागले. मग दुपारी ते फोन पालथा घालून ठेवायला लागले आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, "आता गप्प बसून कापतो, चालेल ना?" बहुतेकांना चालायचं. काहींना तर तेच हवं असायचं. घरी मात्र बायको फोनशी बोलायला तयार नव्हती. "मी काय तक्रार नोंदवतेय?" म्हणायची. ती खुर्ची ओढून डाव्या कानाशी बसायची आणि त्यातच सांगायची. अर्धं कळायचं, अर्धं काका परत विचारायचे. ती वैतागायची, पण सांगायची.

डोळ्यांचं दुखणं वाढलं तेव्हा सून त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या माणसाने काकांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर जड लोखंडी चौकट चढवली आणि तिच्यात भिंगं घालत काही विचारू लागला. काकांनी सवयीने मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. त्या भिंगांतून पडद्यावर नुसतं धुकं दिसत होतं. माणसाचा चेहरा अंधारात होता. सून बाहेर कुणाच्या तरी फोनला तोंड देत होती.

"थांबा," काका म्हणाले. "मला ऐकू येत नाही. इकडे डाव्या बाजूला या आणि मोठ्याने बोला."

तो माणूस उठून डाव्या बाजूला आला. "हे चांगलं दिसतं," तो ओरडला, "का हे?"

काकांनी समोरच्या अक्षरांकडे नीट पाहिलं.

"दोन्ही सारखंच वाईट," ते म्हणाले. "आणखी घाला."