ठमीच्या बुटाची टाच

माझा थोरला चपला-बूट दुरुस्त करतो. माणूस समोर आला की आधी त्याचे पाय बघतो, तोंड नंतर. मुलगी बघायला गेलो तेव्हाही सुनेच्या चपलेचा उसवलेला टाका त्याने आधी हेरला. शिक्षण सातवी, माझ्याहून पाच इयत्ता जास्त. पण बुटाचा तळ तो पोथीसारखा वाचतो.

त्याची ठमी सहा वर्षांची. तिला कांजिण्या आल्या, खपल्या धरल्या, ताप उतरला. आम्ही हुश्श केलं. आठवड्याने पोरगी दाराच्या चौकटीला धडकली. मग भिंत धरून चालायला लागली. मी म्हटलं, लाडात आलीय. थोरल्याने मात्र तिचा बूट हातात घेतला.

"डावी टाच झिजलीय, आई. बूटच पाडतोय तिला."

रापीने टाच तासून त्याने नवा तुकडा ठोकला. दुसऱ्या दिवशी उजवी तासली, तिसऱ्या दिवशी दोन्ही. सून म्हणाली, आता बुटाला टाच तरी ठेवा.

त्याच संध्याकाळी ठमी पाणी प्यायला उठली, अनवाणी. झुलत झुलत गेली आणि पेला तोंडाऐवजी गालाला लावला. थोरल्याच्या हातातला बूट गळून पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गेलं डोळ्याकडे. त्या म्हणाल्या, कांजिण्यांच्या विषाणूपायी मेंदूतला तोल सांभाळणारा भाग सुजलाय. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. मला अजून उमगलेलं नाही. फोड अंगावर, सूज डोक्यात आणि लटपटायचं पायांनी, हा कुठला न्याय?

थोरल्याने एकच विचारलं, "मी तीन दिवस टाचा तासत बसलो. त्याने काही बिघडलं?"

बाई म्हणाल्या, तसं वाटत नाही, पण पुन्हा असं दिसलं तर त्याच दिवशी आणा. त्यातलं 'वाटत नाही' तेवढं तो घरी घेऊन आला.

आता दोन महिने झाले. ठमीने भिंत सोडली. बाई म्हणतात, सरळ चालते. थोरला मात्र रोज तिचे बूट उलटे करून खिडकीत धरतो. काल मी विचारलं, काय म्हणतायत?

"डावी जरा जास्त झिजलीय." मग त्याने माझी चप्पल उचलली. बराच वेळ बघत राहिला. "तुझीही डावीच."

म्हटलं, मी सत्तर वर्षं अशीच चालतेय बाबा.

हे चांगलं की वाईट, ते आम्हा दोघांनाही कळेना. त्याने रापी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि बूट न तासताच ठमीला दिले.