उत्तरानं उचललेली घरं

अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकीच होती. आमच्यात कुणी डॉक्टर, कुणी केमिकल कंपनीत. उत्तरा खांबेटे मात्र काउंटीची बिल्डिंग इन्स्पेक्टर होती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिनं सिव्हिल केलं, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी. बुटकी, सडसडीत, वेणीवर पिवळं हेल्मेट घालून लोकांच्या घरांखाली रांगत शिरायची आणि कोपरांना माती लागलेली तशीच आमच्या हळदीकुंकवाला यायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "घर वरून सगळ्यांनाच सुंदर दिसतं गं. खाली जाऊन बघायला कुणीतरी पाहिजे ना!"

एकोणनव्वदच्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळ आलं. आम्ही सगळे गाड्या भरून समुद्रापासून आत, कोलंबिया शहराकडे पळालो. परत आलो तर ओळखीचे रस्ते ओळखू येईनात. पण आमचं नुकसान म्हणजे छपरं, झाडं, कुंपणं. इन्शुरन्स होता. उत्तराला ज्या भागाची पाहणी दिली होती, तिथली गोष्ट वेगळी होती.

टॅनर्स आयलंड हे खाडीच्या तोंडाशी असलेलं लहानसं बेट. गुलामगिरी संपल्यावर तिथल्याच काळ्या कुटुंबांनी थोडी थोडी जमीन घेतली, आणि तेव्हापासून त्यांच्या पिढ्या तिथेच राहिल्या. टोमॅटो पिकवायचे, कोळंबी धरायची, बायका गवताच्या टोपल्या विणायच्या. घरं लाकडाची, विटांच्या बुटक्या ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली. वादळाबरोबर समुद्र आत आला आणि त्यानं ती घरं अलगद उचलून भलतीकडे नेऊन ठेवली. पूल मोडला होता, म्हणून उत्तरा कोळंबीच्या बोटीतून गेली. बोट होती अ‍ॅब्राम गॅलियार्डची. धिप्पाड, अबोल माणूस. त्यानं तिला आधी आपल्या मावशीच्या घराकडे नेलं.

मिस हेस्टर ऐंशीच्या घरातल्या. घर आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या शेतात तिरकं बसलं होतं आणि त्या त्याच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत भिंतीवर खिडकीच्याही वर चिखलाची रेघ. उत्तरा ती रेघ बघत बराच वेळ उभी राहिली. अशी रेघ तिनं पूर्वी पाहिली होती. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. नारायण पेठेतल्या त्यांच्या घराला तशीच रेघ होती. तिच्या वडिलांनी भिंत धुतली, चुना लावला आणि त्याच जागी संसार मांडला. पुढे दर पावसाळ्यात नदी वाढली की तिची आई रात्रभर दिवा लावून बसायची.

नियम असा होता की, घराचं अर्ध्याहून जास्त नुकसान झालं असेल तर ते पुन्हा तसंच खाली बांधायचं नाही. पुराच्या पातळीच्या वर, उंच खांबांवर न्यायचं. ते जमलं नाही तर तिथे राहता येणार नाही. उत्तरानं मिस हेस्टरच्या दारावर मनाईचा लाल कागद चिकटवला.

म्हातारीनं तो वाचला. मग म्हणाली, "पोरी, समुद्रानं माझं घर हलवलं. मारलं नव्हतं. ते तू मारलंस."

बोटीत बसताना अ‍ॅब्राम पहिल्यांदा बोलला. "अर्ध्यापेक्षा कमी लिही. पेन तुझ्याच हातात आहे. कोण बघायला येतंय इथे?"

"पुढचं वादळ बघायला येईल," उत्तरा म्हणाली.

त्यानं इंजिन सुरू केलं आणि पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लाल कागद लागले त्या पाठोपाठ इस्त्री केलेल्या शर्टातली माणसं बेटावर फिरू लागली. कुठल्याशा बाहेरच्या कंपनीला तिथे गोल्फ रिसॉर्ट करायचं होतं. "आता इथे राहता येणारच नाही, तर विकून टाका," असं ते गोड बोलून सांगत. बेटावर बोललं जाऊ लागलं की ती हिंदू बाई त्या कंपनीचीच. कांचन, उत्तराची मुलगी, शाळेतून ऐकून आली. "मॉम, दे हेट यू आउट देअर."

"आय नो," उत्तरा म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "गिरीश, मी खोटं लिहिणार नाही. पण नुसतं खरं लिहून घरी येऊन झोपणं, हेही मला जमत नाहीये."

रविवारी ती बेटावर गेली. चर्चचं छप्पर उडालं होतं, म्हणून प्रार्थना तंबूत होती. ती संपल्यावर तिनं बोलायची परवानगी मागितली. ती म्हणाली, "कागद बदलणार नाही. तुमचं घर परत खाली बांधू दिलं, तर पुढच्या वेळी मला घर नाही, माणसं शोधायला यावं लागेल. पण ही घरं मेलेली नाहीत. लाकूड जुनं आहे, घट्ट आहे. ती उचलता येतात. मला ते येतं. तुमचे हात पाहिजेत, आणि मी माझे आणते."

"आणि माझे गुडघे?" मागून मिस हेस्टर म्हणाल्या. "दहा फूट वर घर नेशील. मला काय पंख लावशील?"

"रॅम्प करीन. लांब, हळू चढणारा. मध्ये बसायला बाक."

कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, उचलताना घर मोडलं तर? उत्तरानं सरळ सांगितलं, "मोडू शकतं."

मिस हेस्टर उठल्या. "मग माझंच आधी उचला. मोडलं तर म्हातारीचं मोडेल. तुमच्या घरांत लेकरं आहेत."

दुसऱ्या दिवशी उत्तरानं ऑफिसात साहेबांना सांगितलं की बेटावरच्या ज्या घरांना ती स्वतः हात लावेल, त्यांची तपासणी ती करणार नाही. शेजारच्या काउंटीचा माणूस बोलवा, आणि त्याला सांगा, जराही सूट देऊ नको. शनिवार-रविवार तिचे, शिवाय साठवलेली सगळी रजा तिनं काढली. ती रजा त्या वर्षी पुण्याला जाण्यासाठी होती.

दिवाळीचा आमचा प्रोग्रॅम कॅन्सल झाला होता. हॉललाच छप्पर नव्हतं. उत्तरानं सगळ्यांना फोन केले. "फराळ करा, पण खायचा बेटावर. आणि जुने कपडे घाला." आम्ही गेलो. लांब श्रूजबरीहून गिरीशचा धाकटा भाऊ हेमचंद्र आला, नॉर्थ कॅरोलिनातून काही स्टुडंट्स आले. पेनसिल्व्हेनियाच्या चर्चमधले सुतार मदतीला आधीच येऊन राहिले होते. आमच्यातल्या थोर इंजिनिअरांपैकी निम्म्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच तासात अंगठा ठेचून घेतला आणि दिवसभर तो सगळ्यांना दाखवत फिरला.

घर आधीच रुळांवरून ओढून मूळ जागी आणलं होतं. आता त्याच्या पोटाखाली पोलादी तुळया सारल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर जॅक, आणि बाजूला ओंडके आडवे-उभे रचून मनोरे. जॅक थोडा चढवायचा, मनोऱ्यावर एक ओंडका वाढवायचा, पुन्हा जॅक. सगळे कोपरे एकदम चढले पाहिजेत, नाहीतर घर पिरगळतं. उत्तरा मधोमध उभी राहून आकडे सांगत होती. कोळंबीवाले तिच्या तालावर जॅकचे दांडे दाबत होते आणि बेटावरच्या बायका कडेला गाऊ लागल्या होत्या.

घर गुडघ्याएवढं उचललं गेलं आणि आतून कडाड् असा आवाज आला. समुद्राकडचा कोपरा खचला.

"थांबा!" उत्तरा ओरडली.

मराठीत! पण एकजात सगळे हात जागच्या जागी थांबले. त्या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.

ती जमिनीवर पालथी झाली आणि घराखाली सरपटू लागली. गिरीश म्हणाला, "उत्तरा, वेडी आहेस का? आधी आधार देऊ दे!" ती थांबली, पण बाहेर आली नाही. अ‍ॅब्रामनं एका दमात दोन ओंडके खांद्यावर घेतले, त्या कोपऱ्याखाली रचले, आणि मग तोही तिच्या शेजारी आडवा झाला. आम्हाला नुसते त्यांचे बूट दिसत होते. मिस हेस्टर खुर्चीत ताठ बसलेल्या, हातातली अर्धी विणलेली टोपली तशीच मांडीवर.

बऱ्याच वेळानं उत्तराचा आवाज आला. "एकच लाकडी तुळई कुजलीय. बाकी घर ठणठणीत आहे. नवी घालू."

नवी तुळई बसवेपर्यंत दुपार उलटली. तोवर आमच्या चकल्या आणि त्यांचा टोमॅटोचा लाल भात एकाच टेबलावर आला. मिस हेस्टरनी अनारसा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ही जाळी कुणी विणली?" मग पुन्हा सगळे दांड्यांना लागले. ऊन कलताना घर आमच्या डोक्यांच्या वर होतं, सरळ, सपाट. पुण्याकडची अंगणातली कंदिलांची दिवाळी न आठवता माझी इथली एखादी दिवाळी गेली असेल, तर ती हीच.

त्यानंतर खांब बसले. छप्पर भिंतींना आणि भिंती खांबांना लोखंडी पट्ट्यांनी बांधल्या गेल्या. शेजारच्या काउंटीचा इन्स्पेक्टर आला. मोठा खडूस माणूस. त्यानं दोन पट्ट्या पुन्हा ठोकायला लावल्या. उत्तराला त्याचा राग आला नाही. ती खूश झाली. मग त्यानं पास केलं. कांचननं स्वतः दारावरचा लाल कागद खरवडून काढला.

नाताळाच्या तोंडावर आमच्याकडे कधी नव्हे तो बर्फ पडला. समुद्रकाठच्या त्या भागानं इतका बर्फ बापजन्मात पाहिला नव्हता. रस्ते बंद झाले. बेटावर अजून कितीतरी घरांच्या छपरांवर नुसत्या निळ्या ताडपत्र्या होत्या. उत्तरा खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होती. शेवटी फोन लागला.

"मिस हेस्टर, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी? माझ्याकडे अख्खी गल्ली आलीय. बाथरूमच्या दारापर्यंत लेकरं झोपलीत."

उत्तरामधली इन्स्पेक्टर जागी झाली. "म्हणजे किती माणसं आहेत घरात?"

"मोजली नाहीत. तूच बांधलंयस ना? मग मोजायचं कशाला?"

उत्तरानं फोन ठेवला आणि गिरीशकडे बघितलं. एवढंच म्हणाली, "त्या म्हणतात, मोजायचं कशाला."

सगळंच काही जुळून आलं नाही. दोन कुटुंबं थकली आणि जमीन विकून अटलांटाला गेली. एक घर उचलताना खरंच मोडलं, आणि उत्तरा त्या घरच्या माणसांशेजारी बसून रडली. मग त्याच लाकडातून लहान घर उभं केलं. पण बाकीची गल्ली राहिली. आठवड्याआड एक घर वर जात होतं. पुढे पुढे जॅकचे आकडे अ‍ॅब्राम सांगायचा, आणि शेजारच्या बेटांवरचे लोक त्यालाच बोलवायला येऊ लागले.

बर्फ वितळल्यावर मी उत्तराबरोबर तिकडे गेले होते. मिस हेस्टर रॅम्पवरच्या बाकावर ऊन खात बसल्या होत्या. खाली इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस अजून आशेनं उभा होता. त्यांनी त्याला हाक मारली आणि काठीनं उत्तराकडे दाखवलं.

"हिला भेटलास का? ही आमची इंजिनिअर."

उत्तरानं मान खाली घातली नाही, ती संकोचलीही नाही. हेल्मेट काखेत मारून ती त्या माणसाकडे गेली आणि त्याच्याशी हात मिळवला.