पेला घेताना

रविवारी दुपारी टीव्हीवर तलवारबाजीचा एक जुना इंग्रजी सिनेमा लागला होता. खऱ्या राजाला तळघरात कोंडलेलं, आणि त्याच्यासारखाच दिसणारा एक वाटसरू नाइलाजाने गादीवर बसलेला. पकडला गेला तर जीवच जाणार. चालणं, बोलणं, तलवार, सगळं त्याने हुबेहूब उचललं होतं. अख्खा दरबार फसला. शेजारी शेंगा सोलत बसलेल्या आत्याला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, तरी ती म्हणाली, "पकडतील रे याला."

"का गं?"

"पेला देणाऱ्या नोकराकडे बघून हसला तो. पंगतीत बघ, मोठी माणसं पानाकडे बघतात. वाढणाऱ्याकडे नाही."

मग मी तलवारी सोडून पेलेच बघत बसलो. चेहरा, नाव, पोशाख माणसाला बदलता येतो. पण घेताना नजर कुठे जावी, हे त्याला कोण शिकवतं? आणि शिकलेलं पुसता येतं का?

शेवटी खरा राजा सुटला, गादीवर बसला. तोच नोकर पेला घेऊन आला. राजाने दरबाराकडे बघतच तो उचलला.

आत्या शेंग फोडत म्हणाली, "आला बाई खरा."