एक दात कमी

मी सोलापुरात कायमचा राहायला आलो नव्हतो, दोन वर्षांसाठी आलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पेठेतले लोक आता मला इथलाच समजतात आणि मला त्याचा अजून राग येतो.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात मी टर्नर होतो. लेथवर लोखंड फिरवायचं, त्याला आकार द्यायचा, नटबोल्टांना आटे पाडायचे, हे माझं काम. शेजारच्या लेथवरचा सोबती नोकरी सोडून मुंबईला गेला होता. बंदरालगत बोटींची इंजिनं दुरुस्त करणारी वर्कशॉपं होती, त्यातलं एक त्याने हेरून ठेवलं होतं. आमचं ठरलं असं, की त्याने तिथे पाय रोवायचे, मी सोलापुरात एखादं चालतं वर्कशॉप घेऊन दोन वर्षं चालवायचं, ते विकायचं, आणि मग दोघांनी मिळून बंदरावरचं घ्यायचं. समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता, पण उठता-बसता डोक्यात तोच.

सोलापुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं वर्कशॉप विकायला निघालं होतं. वीस वर्षांचं, नावाजलेलं. तेलगिरण्यांची इंजिनं, उसाचे चरक, सगळ्या जिल्ह्याचं काम तिथे यायचं. मी दोन दिवस एकेक वस्तू तपासली. लेथ सरळ, कुठे डुगडुग नाही, पट्टे धड. आपण रेल्वेतले, आपल्याला कोण फसवतंय, ही घमेंड होतीच.

शेवटी म्हातारा म्हणाला, "शकुनाचा बोल्ट पाडून देतो, मग काय ते बोला." ही जुन्या मिस्त्र्यांची रीत. विकणाऱ्याने आपल्या हाताने त्याच लेथवर एक बोल्ट आणि एक नट पाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा. त्याने लेथला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कामाला लागला. नटाला मी बोटाने नुसतं ढकललं, तर तो गरगरत शेवटपर्यंत गेला. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. दोन्ही एकाच लेथवर पाडलेले, मग ते एकमेकांत बसणारच, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बायकोने ती जोडी देव्हाऱ्यात ठेवली, आणि मी नोकरीचा राजीनामा दिला.

पहिल्याच आठवड्यात एक गिरणीवाला मुंबईहून आणलेला बोल्ट घेऊन आला. त्याला नट हवा होता. मी पाडलेला नट त्या बोल्टावर तीन फेरे गेला आणि अडला. दुसरा पाडला, तोही तीन फेरे. मग मी आट्यांमधलं अंतर ठरवणारी लेथची दातेरी चाकं उतरवली आणि खडूने खुणा करत दात मोजत बसलो. चाळीस दातांचं हवं ते एक चाक एकोणचाळीस दातांचं निघालं. म्हणजे या लेथवर पडणारा प्रत्येक आटा जगातल्या आट्यापेक्षा केसभर वेगळा.

तसाच म्हाताऱ्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर शेंगा फोडत बसला होता.

"पयल्याच वर्सी चाक फुटलं तवा हातानं नवं घासलं," तो म्हणाला. "दातांची वाटणी चुकली, एक दात कमी भरला. गिरणीवाला उरावर बसला हुता, दुसरं करायला येळ कुटं हुता? मग ऱ्हायलंच."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"त्यात वाईट काय हाय? आपला बोल्ट दुसऱ्या कुणाकडं मिळत न्हाय. गिऱ्हाईक बांधलेलं ऱ्हातंय की." त्याने मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मी खाल्ल्या नाहीत.

पंधरा दिवस खपून मी बरोबर चाळीस दातांचं चाक केलं आणि चढवलं. आठवडा गेला नाही तोच केमचा एक शेतकरी आगगाडीने आला. मी दिलेला बोल्ट त्याच्या हातात होता. "मिस्त्री, ह्यो चरकात जाईना की. ऊस तोडून पडलाय तितं. तुमाला जमत न्हाय का?" रेल्वेच्या टर्नरला हे ऐकावं लागलं. पण त्याचं चुकलं काय? सगळ्या जिल्ह्यातल्या इंजिनांत वीस वर्षं म्हाताऱ्याचेच आटे बसलेले. ते सगळे नव्याने पाडायचे तर जन्म पुरला नसता. मी माझं चाक खिळ्याला टांगलं, एकोणचाळीसचं परत चढवलं.

अशी दोन वर्षं काढली. मग सोबत्याचं पत्र आलं. बंदरावरचं वर्कशॉप निघालंय, मालक दिवाळीपर्यंत थांबेल, तू आला नाहीस तर मला दुसरा भागीदार घ्यावा लागेल.

घेणारा मिळाला. तोही कुर्डुवाडीचाच टर्नर, माझ्यानंतर लागलेला. त्यानेही दोन दिवस तपासलं, त्याच ऐटीत. रीत त्याने ऐकलेली होती, म्हणाला, "शकुनाचा बोल्ट पाडा की." मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. देवाशपथ सांगतो, मी गप्पच बसणार होतो. मला तरी कुणी सांगितलं होतं, मग मी का सांगावं? घरी ट्रंका बांधून तयार होत्या. बायको दारात उभी होती, तिला सगळं ठाऊक होतं, तीही गप्प होती.

नट गरगरत शेवटपर्यंत गेला. तो खूश झाला. म्हणाला, "ठरलं. उद्याच राजीनामा टाकतो."

तो शब्द ऐकला आणि माझा हात खणात गेला. मुंबईचा एक नट तिथे पडलेला असायचा. तो त्याच्यापुढे धरला. "हा लावून बघा."

तीन फेरे गेला आणि अडला. त्याने जरा जोर केला, मग सोडून दिला. रेल्वेतला माणूस, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही.

"किती दात?"

"एकोणचाळीस."

त्याने हात पुसले, टोपी घातली. "उपकार झाले," म्हणाला आणि स्टेशनच्या वाटेला लागला. मला पुण्य केल्यासारखं काही वाटलं नाही. त्याच्या मागे धावत जाऊन त्याला परत आणावंसं वाटत होतं.

बायकोने नारळाची शकलं गोळा केली. "फोडायच्या आधी तरी सांगायचंत," एवढंच बोलली आणि घरात जाऊन ट्रंकांच्या दोऱ्या सोडायला लागली.

दिवाळीपर्यंत मला दुसरा घेणारा मिळाला नाही, सोबत्याला मात्र दुसरा भागीदार मिळाला. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आमच्या देव्हाऱ्यात आता शकुनाच्या दोन जोड्या आहेत, म्हाताऱ्याची एक आणि माझी एक, आणि म्हाताऱ्याचा नट माझ्या बोल्टावर अजून गरगरत जातो.

त्या माणसाला वाटेला लावलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केमचा शेतकरी दारात हजर. "मिस्त्री, तुमी जाणार म्हून ऐकलं हुतं. न्हाय गेला ते लई बरं झालं. आमचं कुणी केलं असतं?" तो मनापासून बोलत होता. मी त्याच्या हातातला तुटका बोल्ट घेतला आणि लेथ सुरू केला.