पूलच्या काठाची चव

त्या सेक्रेटरीची आठवण आली की अजून माझं डोकं तापतं.

उलव्याच्या एका सोसायटीत खाऱ्या पाण्याचा स्विमिंग पूल आहे. औषधाचा उग्र वास नको, म्हणून पाण्यात मीठ. पोहणारे खूश, पण दोन वर्षांत भोवतीच्या काँक्रीटची पाठ सोलवटली, मुलांचे तळवे खरचटू लागले. तो काठ घासून, धुऊन, पाणी आत मुरू नये म्हणून वर सीलरचा थर मारायचं काम मी घेतलं.

मी उरणकडच्या मिठागरातला. शाळा आठवीपर्यंत. मीठ कुठे आणि कसं मुरतं, हे मला कुठल्या इंजिनियरने शिकवलेलं नाही. काठ धुऊन झाल्यावर ओलं बोट काँक्रीटवर घासलं, जिभेला लावलं. खारट!

"अजून आठ दिवस," मी म्हणालो. "गोड्या पाण्याने धुवायचं, मग सुकू द्यायचं."

सेक्रेटरी हसला. "काका, जमीन चाटून रिपोर्ट देता? लॅबच उघडा की! रविवारी पूल पुन्हा उघडायचा समारंभ आहे. तीन दिवस घ्या."

"आठ."

"चार."

"सहा."

"पाच. तुमचंही नाही, माझंही नाही."

आणि मी हो म्हणालो. आयुष्यभर घासाघीस करून वर आलेला माणूस मी. तिनाचे पाच करून घेतले याचाच आनंद झाला. घरी बापाला सांगितलं, तर तो खाटेवरून उसळला. "मिठाशी कुनी भाव करतं का रं? पानी कधी सुकंल ते तू ठरवनार हायस?"

रविवारी काठ आरशासारखा चमकला. महिन्याभरात आत कोंडलेलं मीठ वर आलं, सीलरचे पापुद्रे सुटले. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने फोटो टाकला: 'काँट्रॅक्टरने हलका माल मारला.' तो फोटो फिरत फिरत सानपाड्याला पोचला आणि तिथल्या ठरलेल्या कामाला आता तुम्ही नको, असा फोन आला.

मी थेट ऑफिसात घुसलो. "हलका माल? डबे तुमच्यासमोर फोडले होते!"

"मग पापुद्रे का सुटले?"

"पाच दिवसांत मीठ निघतं का?"

"तुम्ही जाणकार होतात ना, काका? नाही म्हणायचं होतंत."

त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. कारण तेवढं एक तो खरं बोलला होता.

सगळा काठ माझ्या खर्चाने पुन्हा घासायला घेतला. अट एकच: काम संपेपर्यंत पूलच्या गेटची चावी माझ्या खिशात. रोज धुतलं, रोज चाखलं. अकराव्या दिवशी चव गेली. मग उन्हात सुकू दिलं, आणि काठ पुरता कोरडा झाल्यावर सेक्रेटरीला बोलावलं.

"बोट ओलं करा, घासा, जिभेला लावा."

त्याने आधी वर बाल्कन्यांकडे बघून घेतलं, मग बोट लावलं. "काहीच लागत नाही."

"आता ग्रुपवर लिहा. माल चांगला होता, घाई आपण दोघांनी केली."

"लिहितो, लिहितो. आधी सीलर तर मारा. काम संपलं की दोन दिवसांत टाकतो."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"बरं, उद्या."

मी सीलरच्या बंद डब्यावर बसलो.

"संध्याकाळी, काका. शप्पथ."

या वेळी मी माझा आकडा सांगितलाच नाही. ऊन माझ्या डोक्यावर, त्याच्याही. बऱ्याच वेळाने त्याने चडफडत फोन काढला. त्याने लिहिलेलं मी दोनदा वाचलं, आणि मगच डब्याचं झाकण उघडलं.