खंड्याची छाती

सारजाबाई कशालाच भीत नाय, असं मुकुंदवाडीत सगळे म्हणायचे. सोयगावकडं मेंढरांमागं वाढलेली, लग्न होऊन शहरात आली आणि चाळिशीत रत्नमालाबाईंच्या क्लासात ब्रश धरायला शिकली. रेशमी स्टोलवर हातानं चित्रं काढायचं काम. कुणाचा रंग फिका पडला, मळकट झाला, की स्टोल सारजाबाईकडं यायचा. ती वरून असा रंग चढवायची की मालकीण बघतच राहायची.

पण आज दुपारी ती ब्रश उचलायला धजेना. फ्रेमवर ताणलेला स्टोल खुद्द रत्नमालाबाईंचा होता. गेल्या वर्षी बाईंचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला. आठ महिने त्यांनी ब्रशकडं बघितलंसुद्धा नाय. मग गुपचूप, डाव्या हातानं हा खंड्या पक्षी काढला. पांढरी छाती, निळे पंख, पण एक पंख काळपट पडला.

"तेवढा पंख नीट करून दे, सारजा," बाई म्हणाल्या होत्या. "जमलं तर दुसरा काढीन. नाहीतर बास झालं आता."

ते 'बास' तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

रेशमावर रंग लई पळतो. म्हणून चित्राभोवती आधी डिंकासारख्या चिकाची रेघ मारतात, रंग तिला अडतो. बाईंची डाव्या हाताची रेघ थरथरलेली, मधी मधी तुटलेली. सारजाबाईनं स्टोल खिडकीच्या उजेडात धरून तीन फटी शोधल्या, बुजवल्या. मग श्वास धरून पंखावर निळा टेकवला.

चौथी फट राहिली होती.

निळा तिथून निसटला आणि सरळ पांढऱ्या छातीत. आधी तिळाएवढा, बघता बघता चिंचोक्याएवढा. तिनं छताचा पंखा बंद केला, ओला कापूस डागाच्या कडेला टेकवत राहिली. कड वाळली की डाग कायमचा.

शेजारी इस्त्री करणारी सुकेशनी वाकून म्हणाली, "सगळी छातीच निळी कर की. बाईंना काय कळतंय."

"गप ग. त्यांच्या हातचं काम हाय ते."

"मग सांग त्यांना. तू तर कुणाला भीत नाय ना?"

सारजाबाईनं फोन लावला.

"बाई, रंग पळाला. छातीत गेला. फट दिसली नाय मला."

तिला वाटलं, बाईंचं चित्र काढणं संपलं, आपल्यामुळं संपलं.

"पंखाच्या खालून का?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"तिथं हात थकला होता माझा. रेघ तशीच सोडली. ओला आहे अजून?"

"ओला ठेवलाय."

"वाळू देऊ नकोस. आले मी."

दोन गल्ल्यांचं अंतर, पण बाई पाय ओढत येणार. कापूस वाळत होता, सारजाबाई परत भिजवत होती, दाराकडं बघायची हिंमत होत नव्हती.

बाई आल्या, घामानं निथळत. वाकून डागाकडं बघितलं. खुर्ची ओढली, डावा हात पुढं केला.

"फिकट करडा कालव. छातीला सावली देऊ, डाग त्यात मुरेल. आणि फ्रेम धर, हलतेय."

"फ्रेम नाय हलत बाई, मी हलतेय."

"मग तू हलू नकोस," बाई म्हणाल्या, आणि ब्रश टेकवला.