कडूबाईचा उजवा हात

सत्तर सालच्या ज्येष्ठात पाथर्डीकडच्या कडूबाईची बैलगाडी उलटली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. श्रावणात नगरच्या दवाखान्यात प्लॅस्टर कापलं, तर आतला हात तिला स्वतःचा वाटेना. वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. भरला तांब्या तोंडापर्यंत जाईना.

"हाड जुळलंय म्हनता, मग जोर कुठं गेला वो?" तिनं तिथल्या मुक्ता सिस्टरांना विचारलं.

सिस्टरांनी दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून एकमेकांत सरकवली. "स्नायूत असे बारीक धागे असतात. मेंदूचा हुकूम आला की ते एकमेकांत शिरतात, स्नायू आखडतो, हाड ओढलं जातं. काम नव्हतं म्हणून धागे रोडावले. थोडंथोडं काम द्या, भरतील."

"आन त्याला चारा काय?"

सिस्टर हसल्या. "भाकरीची अंगात साखर होते. ती आणि श्वासातली हवा मिळून जोर येतो. धागे भरायला मात्र डाळ, शेंगदाणे हवेत."

आठवड्यानं ऊसतोडीचा मुकादम भिमाजी जोड्या ठरवायला आला. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणत. हात बघून तो कडूबाईच्या नवऱ्याला म्हणाला, "सूर्यभान, यंदा भावजयीला घे जोडीला."

"दसऱ्याला या, मंग ठरवा," कडूबाई दारातूनच बोलली.

तांब्यात मूठभर वाळू घालून ती हात वाकवायची, सावकाश सरळ करायची. दंडात आग व्हायची की थांबायची. दम परत आला की पुन्हा. सूर्यभान आपल्या ताटातले शेंगदाणे गुपचूप तिच्या ताटात सारायचा. भादव्यात तिनं घाई केली, भरली घागर उचलली. चार दिवस हात सुजून राहिला. पदर तोंडात धरून रडली. पाचव्या दिवशी पुन्हा मूठभर वाळूपासून सुरुवात.

दसऱ्याला भिमाजी आला तेव्हा ती बाजरीत होती. तिनं कोयता उचलला आणि त्याच्यादेखत एक आख्खी ओळ आडवी केली. मध्ये दोनदा थांबली, श्वास घेतला, पुन्हा वाकली.

"हळू हाय," भिमाजी म्हणाला.

"हळू हाय, पर थांबनार न्हाई."

त्यानं वहीत सूर्यभानच्या जोडीला तिचंच नाव घातलं. त्या साली ऊसतोडीचे पहिले पंधरा दिवस सूर्यभान तोडायचा, ती मोळ्या बांधायची. मग तिनंही कोयता धरला, आणि पौषात दोघं बरोबरीनं तोडू लागली.